टू-स्ट्रोक इंजिन अनियंत्रित होण्याची कारणे, निदान व उपाय : जल-स्कूटर ते फवारणी पंप

प्रस्तावना

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यांवर पर्यटकांसाठी चालणारी जल-स्कूटर ही गोष्ट पालमसारख्या गोदाकाठच्या, परंतु प्रामुख्याने कापूस व सोयाबीनवर विसंबून असलेल्या तालुक्याला परकी वाटणे स्वाभाविक आहे. तथापि जुन्या जल-स्कूटरमधील टू-स्ट्रोक इंजिन आणि खरीप हंगामात शेतमजुराच्या पाठीवर असणारा टू-स्ट्रोक पेट्रोल फवारणी पंप यांची रचना तत्त्वतः एकच आहे. साहजिकच त्यांचा एक दोषही समान आहे. तो म्हणजे अॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाची गती वाढत जाणे व बंद करण्याचे बटण दाबूनही ते न थांबणे. जल-स्कूटरच्या बाबतीत यात यंत्राची हानी होते. पाठीवरील पंपाच्या बाबतीत माणसाला इजा होऊ शकते. अशा वेळी पेट्रोलचा कॉक बंद करण्याची जी प्रेरणा होते, ती प्रारंभी परिस्थिती बिघडवते. असे का घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रचना व दोषाचे मूळ

1891 च्या सुमारास इंग्लंडमधील जोसेफ डे यांनी विकसित केलेल्या पद्धतीनुसार टू-स्ट्रोक इंजिनात हवा व पेट्रोलचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये येते, तेथे दाबले जाते व नंतर सिलिंडरमध्ये जाते. म्हणजेच क्रँककेस हा मिश्रणाच्या मार्गाचाच भाग असतो. शिवाय वंगणासाठीचे ऑइल याच मार्गाने, बहुधा पेट्रोलमध्ये मिसळून येते. त्यामुळे क्रँकशाफ्टचे सील झिजले, कार्ब्युरेटरमागील रबरी नळीला चीर गेली किंवा गॅस्केट सैल झाले, तर कार्ब्युरेटरला वळसा घालून जादा हवा आत शिरते. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे सील गळाल्यास मुख्यतः तेल बाहेर पडते. टू-स्ट्रोकमध्ये मात्र मिश्रणच बदलते.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे 14.7 भाग हवेस 1 भाग पेट्रोल लागते. मंद गतीवर मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण मुद्दाम अधिक ठेवलेले असते. जादा हवा शिरली की मिश्रण विरळ होते व गती वाढते. विरळ मिश्रण जळताना तापमान चढते, पिस्टनचा माथा किंवा प्लगचे टोक लाल होते आणि ठिणगीवाचूनही मिश्रण पेटू लागते. या अवस्थेत बटणाने ठिणगी तोडली तरी इंजिन चालूच राहते.

जल-स्कूटरमध्ये आणखी एक अडचण असते. तिचे इंजिन थंड ठेवणारे पाणी जेट पंपाकडूनच मिळते. यंत्र ट्रॉलीवर कोरडे सुरू केले, तर थंड करणारे पाणी नसते आणि गतीला आवर घालणारा पाण्याचा भारही नसतो. गती दुप्पट झाली की पिस्टन व कनेक्टिंग रॉडवरील जडत्वजन्य बल चौपट होते. म्हणून येथे अवधी काही सेकंदांचाच असतो.

पेट्रोल बंद करणे अहितकारक का?

लुनासारखे टू-स्ट्रोक वाहन चालवलेल्यांना एक अनुभव परिचित असेल. टाकीतील पेट्रोल संपत आले की बंद पडण्यापूर्वी इंजिन क्षणभर रेस होते. कॉक बंद केल्यावरही हेच घडते. कार्ब्युरेटरमधील उरलेले पेट्रोल कमी होत जाताना मिश्रण अधिकच विरळ होते, गती वाढते आणि पेट्रोलबरोबर येणारे वंगणही तुटते. याउलट चोक पूर्ण ओढल्यास पेट्रोलचे प्रमाण इतके वाढते की ज्वलन मंदावून इंजिन गुदमरते. जादा पेट्रोल बाष्प होताना उष्णताही शोषून घेते.

तातडीची कृती

प्रथम बंद करण्याचे बटण दाबावे अथवा सुरक्षा-दोरी ओढावी. त्याने भागले नाही तर तत्काळ चोक पूर्ण ओढावा. चोक नसेल तर हवेचे तोंड हाताने नव्हे, लाकडी फळीने झाकावे. चालू इंजिनाच्या प्लगची वायर हाताने ओढू नये. विजेचा जोरदार धक्का बसतो आणि पेट स्वयंप्रेरित असल्यास उपयोगही होत नाही. फवारणी करणाऱ्याने आधी पंप पाठीवरून उतरवावा. यासाठी पट्टे एका झटक्यात सुटतील असेच बांधणे आवश्यक ठरते.

निदानाचा क्रम

इंजिन थंड झाल्यावर पुढील क्रमाने तपासणी करावी.

1. अॅक्सिलरेटरची केबल सोडताच मुक्तपणे परतते का, हे पाहावे. खारे पाणी व चिखल यांमुळे केबल अडकते.
2. प्लगचा रंग पाहावा. तपकिरी रंग योग्य मिश्रणाचा, पांढुरका विरळ मिश्रणाचा, तर काळा जादा पेट्रोलचा निदर्शक असतो.
3. कार्ब्युरेटरचे जेट, पेट्रोलची गाळणी व टाकीचा हवा-छिद्रमार्ग स्वच्छ करावा.
4. सेवन व उत्सर्जन मार्ग बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे 0.4 किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने हवा भरावी. दाब भराभर उतरल्यास सांध्यांना व सीलना साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे गळतीची जागा दाखवतात.
5. बंद करण्याच्या बटणाची वायर तपासावी.

गळती दुरुस्त न करता केवळ स्क्रू फिरवून गती कमी करणे म्हणजे दोष झाकणे होय.

2023 पासून देशात 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा प्रसार झाला आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने त्याला वजनाने सुमारे 9 पट हवाच पुरते. परिणामी ठरावीक जेट असलेल्या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण काहीसे विरळ होते. इथेनॉल ओलावाही शोषते. म्हणून हंगामानंतर पंपातील पेट्रोल काढून ठेवणे आता अधिक महत्त्वाचे झाले आहे.

समारोप

2002 पासून जल-स्कूटरमध्ये फोर-स्ट्रोक इंजिने येऊ लागली आणि शेतात बॅटरीवरील पंप वाढत आहेत. तरीही टू-स्ट्रोक पंप वापरात आहेत व ते भाड्याने किंवा उसने घेऊन चालवणाऱ्या मजुराला त्यांचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. पंप पाठीवर घेण्यापूर्वी तो जमिनीवर सुरू करून बटणाने बंद होतो का, हे पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील पदार्थविज्ञान विभागांनी व राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांनी एवढी एक चाचणी आणि चोकचा उपयोग खरिपापूर्वी गावोगाव दाखवला, तर ज्वलनाचा हा पाठ वर्गाबाहेरही उपयोगी पडेल.