अकराव्या तुकड्याची रवानगी

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८९ साली बाजारात आणलेल्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या खेळयंत्रावर पुढल्याच वर्षी स्पायडर-मॅन अवतरला, तेव्हा लाल-निळ्या वेशाबद्दल विख्यात असलेल्या या महानायकास हिरवट पडद्याच्या अवघ्या चार छटांत आपला निभाव करून घ्यावा लागला. पार्श्वभूमी आठ बाय आठ बिंदूंच्या फरशांची. नायक चालू लागला की सारे दृश्य पुन्हा न रेखाटता यंत्र केवळ सरकण्याचे आकडे बदली आणि येणाऱ्या कडेला नव्या फरशा बसवी.

हलत्या पात्रांचा बंदोबस्त मात्र निराळा, आणि माझ्या मते अधिक रंजक. ती ‘स्प्राइट’ नामक स्वतंत्र तुकड्यांतून रचली जात. पडद्यावर असे तुकडे एकूण चाळीस, परंतु कोणत्याही एका आडव्या रेषेवर दहाच, असा यंत्राचा सक्त दंडक असल्यामुळे, हाणामारीत गर्दी उसळली की त्या रेषेवरील अकराव्याची रवानगी थेट अदृश्यात होई. हिकमती आज्ञावलीकार अशा वेळी तुकड्यांचा अग्रक्रम दर चौकटीगणिक फिरवीत. सेकंदाला सुमारे साठ चौकटी उमटत असल्याने लोपण्याची पाळी आळीपाळीने सर्वांवर येई, आणि शत्रू नाहीसे न होता नुसते लुकलुकत.