लिनक्सवर एससीटीपीची साधनं अपडेट करताय? आधी हे वाचा

टीसीपी आणि यूडीपी सगळ्यांना माहीत असतात. त्यांचं तिसरं भावंड एससीटीपी मात्र पडद्यामागे राबतं. फोर-जी आणि फाइव्ह-जीमध्ये मोबाइल टॉवर आणि कंपनीचं कोअर नेटवर्क यांच्यातले नियंत्रण-संदेश याच प्रोटोकॉलवरून जातात. याचं मानक पहिल्यांदा 2000 साली आलं आणि सध्याचं, आरएफसी 9260, 2022 सालचं आहे.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते मल्टिहोमिंग. एकाच जोडणीला दोन्ही टोकांना अनेक आयपी पत्ते देता येतात. एक वाट बंद पडली तर डेटा दुसऱ्या वाटेने जातो, जोडणी तुटत नाही. टीसीपीत ही सोय मुळात नव्हती.

लिनक्समध्ये एससीटीपीसाठी 'एलकेएससीटीपी-टूल्स' हे मुक्तस्रोत पॅकेज आहे. इथे एक घोळ नेहमी होतो. पॅकेज अपडेट केलं म्हणजे प्रोटोकॉल अपडेट झाला, असं नाही! प्रोटोकॉल राहतो कर्नलमध्ये. पॅकेजमध्ये असते लायब्ररी, हेडर फाइल आणि छोटी चाचणी-साधनं. त्यामुळे प्रोटोकॉलमधल्या सुरक्षा त्रुटींसाठी कर्नलच अपडेट करावा लागतो.

फेडोरासारख्या वितरणांत एससीटीपीचं कर्नल-मॉड्यूल वेगळ्या पॅकेजमध्ये असतं आणि आपोआप लोड होत नाही. म्हणून अपडेटनंतर वरच्या चाचणी-साधनांपैकी 'चेकएससीटीपी' चालवा, कर्नलचा पाठिंबा आहे की नाही ते लगेच कळतं. मग 'एससीटीपी-डार्न'ने दोन मशीनमध्ये संदेश पाठवून पाहा. फायरवॉलमध्ये प्रोटोकॉल क्रमांक 132 मोकळा ठेवायला विसरू नका.