खाडीकाठचे शहर आणि उपयोजित गणित

अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी ज्या विषयाची सर्वाधिक धास्ती वाटते, तो विषय म्हणजे गणित होय. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तो अनेक वर्षे ‘उपयोजित गणित’ या नावाने शिकविला गेला. वाशी, नेरूळ, ऐरोली येथील महाविद्यालयांतही तो अभ्यासला जातो. अवकल समीकरणे, फूर्ये श्रेढी, लाप्लास रूपांतर ही नावे ऐकून अनेक विद्यार्थी सूत्रे पाठ करण्याचा मार्ग धरतात. या सूत्रांचा उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र नवी मुंबईच्या भूमीतच सापडते.

उघाडीपासून धारण तलावापर्यंत

1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेस नवे शहर आकारास येऊ लागले. त्यापूर्वी येथे भातखाचरे, मिठागरे व खारजमिनी होत्या. खारजमिनीच्या बांधाला ‘उघाडी’ असे. ओहोटीला तिच्यातून पावसाचे पाणी बाहेर जाई आणि भरतीचे खारे पाणी मात्र आत येत नसे. शहराच्या सखल भागातील धारण तलाव याच तत्त्वावर चालतात. भरतीच्या वेळी झडपा मिटतात, नाल्यांचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला ते खाडीत उतरते.

तलावाचे समीकरण

तलावातील साठा ज्या वेगाने बदलतो, तो वेग म्हणजे आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या प्रवाहांतील फरक होय. हेच अवकल समीकरण. समजा, 1 चौरस किलोमीटर क्षेत्रावर ताशी 50 मिलिमीटर पाऊस पडत आहे व सर्व पाणी तलावाकडे येत आहे. दर तासाला 50,000 घनमीटर पाणी जमेल. झडपा 4 तास बंद राहिल्यास 2 लाख घनमीटर साठेल आणि 10 हेक्टर विस्ताराच्या तलावाची पातळी 2 मीटरने चढेल. गाळाने तलाव उथळ झाला असेल, तर तेवढे पाणी वस्तीत शिरेल.

प्रत्यक्षात पाऊस एकसारखा पडत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा वेळी काळाचे लहान लहान टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याची पातळी काढावी लागते. ही संख्यात्मक पद्धत होय. पंप अकस्मात सुरू वा बंद होतो, त्या प्रसंगाचे गणित लाप्लास रूपांतराने सुलभ होते.

भरतीचे गणित

झडपा किती वेळ बंद राहतील, हे भरतीवर अवलंबून असते. कोकणातील कोळी बांधव तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीस ती सुमारे सहा वाजता येते. शास्त्रज्ञांनी याच अनुभवाला अधिक अचूक रूप दिले. चंद्रामुळे सुमारे 12 तास 25 मिनिटांची, तर सूर्यामुळे 12 तासांची लहर उठते. या दोन लहरी सुमारे पावणेपंधरा दिवसांनी एकमेकींशी जुळतात, तेव्हा उधाण येते. विरुद्ध पडतात, तेव्हा भांग असतो. अशा अनेक नियमित लहरींची बेरीज करून भरतीचे कोष्टक तयार होते. नियतकालिक हालचालीची अशा साध्या लहरींत फोड करण्याची रीत फ्रेंच गणिती फूर्ये यांच्या 1822 च्या ग्रंथाने रूढ झाली. उधाण व अतिवृष्टी एकाच वेळी आल्यास संकट ओढवते; कोष्टकामुळे त्याची पूर्वसूचना मिळते.

अध्ययनाची दिशा

या अभ्यासक्रमाचा पाया बारावीपर्यंतच्या बीजगणितात, त्रिकोणमितीत आणि कलनशास्त्रात घातला जातो. तो कच्चा राहिला, तर पुढील इमारत डळमळते. म्हणून उदाहरण सोडविण्यापूर्वी कोणती राशी बदलते, कशामुळे बदलते आणि तिचे एकक कोणते, हे विद्यार्थ्याने शब्दांत लिहावे. उत्तर आल्यावर ते प्रत्यक्षात संभवनीय आहे काय, हे तपासावे. गावतळ्याची पातळी, पाझर तलावातील घट, पाण्याच्या टाकीचा भरणा ही उदाहरणे शाळेच्या अंगणातच उपलब्ध आहेत. ग्रामपंचायतीकडील पावसाच्या व पाणीपुरवठ्याच्या नोंदी शिक्षकांच्या हाती आल्यास फळ्यावरील आकड्यांना अर्थ प्राप्त होईल. सूत्र पाठ करणारा विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होईल. ते समजून घेणारा उद्या एखाद्या वस्तीला पुरापासून वाचवू शकेल.