बाटलीच्या मागची बारीक अक्षरे

कोणताही आर्थिक दस्तऐवज हाती आला, की त्याच्या ठळक मथळ्यापेक्षा तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या अटी व शर्ती अधिक काळजीपूर्वक वाचाव्यात, असे आम्ही बँकेतील मंडळी ग्राहकांना नेहमी सांगत असतो. चेहऱ्याला लावावयाच्या सीरमच्या बाबतीतही हा सल्ला तितकाच उपयुक्त आहे. जेमतेम ३० मिलिलिटरच्या बाटलीसाठी आज शेकडो रुपये मोजले जातात. ज्यांची त्वचा संवेदनशील आहे, त्यांना तर चुकीच्या निवडीची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाही. लाली, आग आणि खाज यांनी चेहरा कित्येक दिवस हैराण होतो.

इतरांना ज्या साबणाने, उन्हाने वा प्रसाधनाने काहीच होत नाही, त्यानेच जिला चुणचुण किंवा जळजळ जाणवते, ती संवेदनशील त्वचा होय. अशा त्वचेच्या सर्वांत वरच्या थराचे संरक्षक कवच पुष्कळदा दुबळे झालेले असते. फेसवॉश मिनिटभरात धुतला जातो. सीरम मात्र लावल्यावर तासन्‌तास चेहऱ्यावरच राहते. त्यामुळे त्यातील प्रत्येक घटकाची चौकशी करणे अगत्याचे ठरते.

ही चौकशी कोठून सुरू करावी? आपल्या देशातील सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार घटकांची यादी लेबलवर देणे बंधनकारक आहे. १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यामागे येतात. पण त्यांचा आपसातील क्रम उत्पादकाच्या मर्जीवर असतो. ही १ टक्क्याची रेषा लेबलवर आखलेली नसते, तरी ती ओळखण्याची एक खूण आहे. फेनॉक्सीइथेनॉल नावाचे परिरक्षक अनेक सीरममध्ये आढळते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे आणि बहुतेक उत्पादक तिच्या आतच राहतात. यादीत हे नाव दिसले, की त्यापुढील घटक १ टक्का वा त्याहून कमी आहेत, असे समजण्यास हरकत नाही.

उदाहरणादाखल एक काल्पनिक यादी पाहू : पाणी, ग्लिसरीन, नायसिनामाइड, पँथेनॉल, फेनॉक्सीइथेनॉल, कोरफडीचा अर्क, सोडियम हायलुरोनेट, सुगंध, लिनालूल. या बाटलीच्या दर्शनी भागावर कोरफडीचे हिरवेगार पान छापलेले असेल, परंतु प्रत्यक्षात कोरफडीचा वाटा १ टक्क्याहून अधिक नाही. त्वचेतील ओलावा टिकवणारे ग्लिसरीन आणि तिला शांतवणारे पँथेनॉल हे मात्र रेषेच्या अलीकडे आहेत, ही जमेची बाजू. सोडियम हायलुरोनेट अल्प प्रमाणातही पाणी धरून ठेवते. त्यामुळे त्याचे रेषेपलीकडे असणे हा दोष नव्हे.

या यादीतील सर्वांत महत्त्वाची नोंद शेवटी आहे. अनेक घटकांच्या लाभासाठी काही टक्के मात्रा लागते. त्वचेला त्रास होण्यासाठी मात्र लेशमात्र अंश पुरेसा ठरू शकतो. ‘सुगंध’ या एका शब्दाखाली अनेक रसायने एकत्र असू शकतात. युरोपीय संघाने २००३ मध्ये ॲलर्जी निर्माण करू शकणाऱ्या २६ सुगंधी घटकांची नावे स्वतंत्रपणे छापण्याची सक्ती केली. धुऊन न टाकावयाच्या प्रसाधनांसाठी ही सक्ती ०.००१ टक्क्यापासून, म्हणजे लाखात एका भागापासून लागू होते. २०२३ मध्ये ही यादी ८० हून अधिक घटकांपर्यंत वाढवण्यात आली. लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल आणि सिट्राल ही त्यातील नेहमी आढळणारी नावे. मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकामुळे ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले, की २०१७ पासून युरोपात धुऊन न टाकावयाच्या प्रसाधनांत त्याच्या वापरावर बंदी आली. तेव्हा यादी वाचताना शेवटच्या ओळीवरून नजर घाईने फिरवू नये.

यादीच्या वरच्या भागातही सावधगिरी हवी. नायसिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, २ ते ५ टक्के प्रमाणात बहुतेकांना मानवते. १० टक्क्यांच्या सीरमने काहींचा चेहरा लाल होतो. ‘क’ जीवनसत्त्वाचे एल-ॲस्कॉर्बिक आम्ल हे रूप त्वचेत शिरावे, यासाठी द्रावणाचा सामू ३.५ हून कमी ठेवावा लागतो. त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ५ च्या आसपास असल्याने चुणचुण होणे स्वाभाविक आहे. रेटिनॉलने सुरुवातीस कोरडेपणा येतो, आणि गर्भवतींनी ते टाळावे असाच वैद्यकीय सल्ला आहे. अल्कोहोलच्या बाबतीत मात्र नावावरून घाबरू नये. ‘अल्कोहोल डिनॅट’ यादीत वर असेल, तर ते त्वचा कोरडी करते. सेटिल किंवा सेटेरिल अल्कोहोल हे मेणासारखे स्निग्ध पदार्थ असून बहुतेकांना सौम्य वाटतात.

दर्शनी भागावरील शब्दांविषयीही थोडे. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे. बिब्बा नैसर्गिकच आहे, पण तो उतला की काय होते, हे आपल्याकडे निराळे सांगावे लागत नाही. ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दाची अमेरिकेत १९७५ मध्ये कायदेशीर व्याख्या करण्यात आली होती. १९७७ मध्ये तेथील न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली आणि तेव्हापासून तेथे या शब्दाला निश्चित निकष नाही. ‘अनसेंटेड’ उत्पादनात मूळ वास झाकण्यापुरता सुगंध असू शकतो. म्हणून ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ हे शब्द पाहावेत आणि यादीवरून त्यांची खातरजमा करावी.

एवढे करूनही आपल्या त्वचेचा कौल घेणे उरतेच. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने सुचवलेली पद्धत सोपी आहे. कोपराच्या आतील बाजूस नाण्याएवढ्या जागी नवे सीरम दिवसातून दोनदा, असे ७ ते १० दिवस लावावे. ॲलर्जी पहिल्याच दिवशी प्रकट होईल असे नाही, म्हणून ही मुदत. लाली, खाज वा सूज आल्यास ती जागा धुऊन वापर थांबवावा. त्रास काही दिवसांत शमला नाही, किंवा निरनिराळ्या उत्पादनांनी तो पुनःपुन्हा उद्भवू लागला, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. पाठीवर संशयित घटकांच्या पट्ट्या लावून नेमका अपराधी कोण, हे ते शोधू शकतात.

जाता जाता एक व्यवहारातील सूचना. घटकांची यादी पुष्कळदा बाहेरच्या खोक्यावरच असते आणि खोके पहिल्याच दिवशी केराच्या टोपलीत जाते. ठेवीची पावती जपून ठेवावी, तसे ते बाटली संपेपर्यंत ठेवावे. त्रास झालाच, तर डॉक्टरांसमोर मांडावयाचा पहिला पुरावा तोच असेल. आणि दोषी घटकाचे नाव एकदा कळले, की पुढील प्रत्येक खरेदीच्या वेळी यादीत ते नाव आधी शोधता येईल.