गर्दीतला संशयित आणि टक्केवारी

१५ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतील बॉस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ दोन बॉम्ब फुटले. ३ जण ठार झाले, शेकडो जखमी झाले. पोलिसांनी लोकांकडे त्या वेळची छायाचित्रे मागितली, आणि ती हजारोंनी आली. पण अनेक हौशी मंडळींनी इंटरनेटवर स्वतःच तपास सुरू केला. पाठीवर मोठी पिशवी, भलतीकडे नजर, एवढ्या खुणांवरून निरपराध तरुणांच्या छायाचित्रांभोवती लाल वर्तुळे काढली गेली. एका वृत्तपत्राने असे दोघे थेट पहिल्या पानावर छापले. एका बेपत्ता विद्यार्थ्यालाही गोवले गेले. त्याच्या शोधात असलेल्या घरच्यांना तेही सोसावे लागले.

हजारो डोळे शोधत असताना असे का व्हावे? हिशेब फळ्यावर मांडून पाहा. समजा, गर्दी १ लाखाची आणि गुन्हेगार २ आहेत. आपली खूण दोघांनाही पकडते, आणि निरपराधांच्या बाबतीत १०० पैकी एकदाच चुकते. यादीतला माणूस खरा गुन्हेगार असण्याची शक्यता किती? मुले बहुधा ९९ टक्के म्हणतील. म्हणू द्यावे. मग ९९,९९८ चा १ टक्का काढायला सांगावे. सुमारे १,००० निरपराध आणि २ गुन्हेगार, म्हणजे ५०१ मध्ये १! शोधणारे दसपट झाले तरी खूण तीच असल्याने हे प्रमाण सुधारत नाही. चेहरे ओळखणाऱ्या संगणकालाही हाच हिशेब लागू पडतो.

आपल्याकडे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने ५ जणांना ठार मारले. अफवा मोबाइलवरून पसरली होती. खूण काय, तर माणसे अनोळखी होती. बाजाराच्या दिवशी अशी माणसे किती असतात, हे कोणी मोजत नाही.

बॉस्टन प्रकरणातला एक संशयित पोलिसांशी झालेल्या चकमकीनंतर मरण पावला. दुसरा १९ एप्रिलच्या संध्याकाळी सापडला, तो मात्र एका नागरिकामुळेच. वॉटरटाऊनमधील एका रहिवाशाला आपल्या परसातील बोटीचे आच्छादन सैल झालेले दिसले. त्याला लाखातून एक निवडायचा नव्हता; ते आच्छादन एरवी कसे असते, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याने आत डोकावून पाहिले, रक्त दिसताच मागे फिरून पोलिसांना फोन केला. हेलिकॉप्टरमधील अवरक्त कॅमेऱ्याने आच्छादनाखालची उबदार मानवी आकृती टिपली.