दगड ओळखा, मगच लिंबू चोळा

दिवाळी जवळ आली की घरोघरी आवराआवर सुरू होते आणि 'लिंबू लावा', 'सोडा टाका' असे सल्लेही मिळू लागतात. हे सल्ले चुकीचे नसतात. ते कोणत्या वस्तूसाठी आहेत, एवढेच सांगायचे राहून जाते.

बोअरच्या पाण्याने नळांवर चढणारा पांढरा थर प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. लिंबू किंवा व्हिनेगरमधील आम्लात तो विरघळतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके नळाभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवावे व नंतर नळ स्वच्छ धुवावा. मात्र संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटचाच बनलेला असतो. आपल्याकडील ओट्यांचा कडप्पा, जुन्या घरांतील शहाबादी फरशी आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचेच दगड. त्यांवर लिंबू चोळले की डागाबरोबर दगडही झिजतो. चकाकी गेलेला तो पांढुरका भाग कितीही धुतला तरी पूर्ववत होत नाही. पुन्हा पॉलिशच करून घ्यावे लागते. अशा दगडांना कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा आहे.

तांब्या-पितळेच्या भांड्यांना मात्र चिंच आणि मीठ मानवते. त्यांवरील काळपट थर आम्लात सुटतो. भांडे लगेच धुऊन कोरडे करावे, अन्यथा पुन्हा डाग पडतात. अॅल्युमिनियमचे पातेले धुण्याच्या सोड्यात उकळू नये, ते काळे पडते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची टूम अलीकडे फार लोकप्रिय आहे. फेस भरपूर येतो खरा. पण दोन्ही पदार्थ परस्परांचा प्रभाव बऱ्याच अंशी संपवतात.

येथवर नुकसान होते ते वस्तूंचे. न्हाणीघरातील चूक जिवावर बेतू शकते. शौचालय स्वच्छ करण्याच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यात ब्लिचिंग पावडर किंवा कपड्यांचे ब्लीच मिसळले की क्लोरिन वायू तयार होतो. १९१५ साली बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शस्त्र म्हणून वापरला, तो हाच वायू. दार लावून घेतलेल्या लहानशा न्हाणीघरात त्याची थोडी मात्राही डोळे चुरचुरण्यास, खोकल्याची उबळ येण्यास आणि श्वास कोंडण्यास पुरते. दम्याच्या रुग्णांना धोका अधिक.

तसा उग्र वास येताच सफाई अर्धवट टाकून मोकळ्या हवेत यावे. धाप लागत असेल तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे; फुप्फुसांवरील परिणाम काही तासांनी वाढू शकतो. दोन्ही द्रव वापरायचेच असतील, तर ते वेगवेगळ्या दिवशी, आधीचा द्रव भरपूर पाण्याने धुऊन गेल्यानंतर आणि खिडकी उघडी ठेवून वापरावेत.