छताला टेकलेला रबर प्लांट

आखातातल्या मराठी घरात पहिल्या वर्षी मिक्सर येतो, दुसऱ्या वर्षी सोफा येतो आणि मध्येच कधीतरी बुदैया रस्त्यावरच्या नर्सरीतून हातभर उंचीचा रबर प्लांट येतो. हूऱ्यातल्या इमारतीत लिफ्टमधून वर नेताना तो कडेवर मावतो. दहा-बारा वर्षांनी तोच लिफ्टमध्ये उभा राहत नाही. शेंडा छताला टेकून वाकलेला, खालची पाने गळलेली, पडदा सरकत नाही आणि घरात कोणी फेरफटका मारला तरी पानाला धक्का लागतो. अशी झाडे मी या भागातल्या कितीतरी घरांतून पाहिली आहेत. माझ्या घरीही एक होते.

अशा वेळी बहुतेकजण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर आणखी मोठी कुंडी आणतात, नाहीतर झाड बाल्कनीत ढकलतात. माझ्या मते दोन्ही चूक. मोठी कुंडी म्हणजे मुळांना आणखी पसरण्याचे आमंत्रण. शिवाय 40 सेंटिमीटर रुंदीची आणि तेवढ्याच उंचीची कुंडी ओल्या मातीसकट पन्नास किलोच्या आसपास भरते. ती मग फ्लॅटमधून हलत नाही. बाल्कनीचे म्हणाल, तर वर्षानुवर्षे एसीत आणि सावलीत वाढलेली पाने इथल्या उन्हात दोन दिवसांत करपतात.

मुळात ही झाडे घरासाठी जन्मलेलीच नाहीत. रबर प्लांट हा आसाम-मेघालयातला वृक्ष. मेघालयात खासी लोक ज्या जिवंत मुळांचे पूल घडवतात, ते याच झाडाच्या मुळांचे. मनी प्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा वेल. त्याची गंमत अशी की वर चढायला आधार मिळाला की पाने मोठी होत जातात आणि खाली लोंबकळत सोडला की लहान राहतात. तेव्हा मनी प्लांट अंगावर येऊ लागला असेल, तर काठी काढून टाका आणि वेल खाली सोडा. कापलेले तुकडे, प्रत्येकावर एक पेर ठेवून, पाण्यात घालावेत. यात शिकण्यासारखे फार काही नाही.

रबर प्लांटला मात्र गुटी कलम करावे. सोलापूर-नाशिककडचे डाळिंबवाले शेतकरी हे काम नेहमी करतात. आपल्यापैकी काहींनी गावी पाहिलेही असेल. शेंड्यापासून फूट-सव्वाफूट खाली, अंगठ्याएवढ्या जाड खोडावर, पेराच्या जरा खाली धारदार चाकूने दोन गोल चिरा द्याव्यात. दोहोंमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर अंतर असावे. मधली साल बांगडीसारखी काढून टाकावी आणि खालचा बुळबुळीत थर खरवडावा, नाहीतर साल पुन्हा जुळून येते. पांढरा चीक येईल, तो ओल्या फडक्याने पुसावा. तो कातडीला झोंबतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि मुलांना लांब ठेवावे. मग नर्सरीत मिळणारे शेवाळ भिजवून, पिळून, मूठभर भोवती लावावे, वर प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोके बांधावीत आणि उजेड जाऊ नये म्हणून ॲल्युमिनियमचा कागद लावावा. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरते. वाट बंद झाली की ते वरच्या काठाशी साठते आणि तिथे मुळे फुटतात. साधारण सहा ते आठ आठवड्यांत प्लॅस्टिकमधून मुळे दिसली की त्यांच्या खाली कापून शेंडा लहान कुंडीत लावावा. उरलेल्या खोडाला कापाखालून नवे फुटवे येतात, कारण शेंडा असेतो तोच खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. अंगणातल्या तुळशीची मंजिरी आजी खुडायची, त्यामागेही बरेचसे हेच होते.

हे सर्व झाडांना लागू नाही. अरेका पामचा शेंडा कापला की ती दांडी मेलीच, कारण तिला वाढीचा डोळा एकच. खजुराचेही तसेच, म्हणून तर बहारीनमधले शेतकरी खजुराचे रोप बुंध्याशी आलेल्या फुटव्यापासून करतात. अरेकाचा झुपका मुळांसकट विभागून दोन कुंड्यांत लावता येतो. स्नेक प्लांटही असाच कापून वाटावा. त्याच्या पिवळ्या काठाच्या जातीचे मात्र पान कापून लावू नका, नव्या रोपाला पिवळा काठ येत नाही. कढीपत्ता बिनधास्त अर्ध्यावर छाटा, त्याला वाईट वाटत नाही आणि आमटीलाही बरे.

यासाठी इथला चांगला काळ म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये नळाचे थंड पाणीसुद्धा गच्चीवरच्या टाकीत तापून येते. ते रात्री बादलीत भरून सकाळी घालावे. शिवाय आपण सुट्टीला देशात गेलो की शेवाळ वाळून जाते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो. आपल्यातल्या बहुतेकांचा मुक्काम कंत्राटावर आहे. बदलीचे किंवा परत जाण्याचे पत्र येते तेव्हा हातात एक-दोन महिने असतात आणि त्यात शाळा, सामान, बँक, व्हिसा. गुटीला तेवढेच दिवस लागतात. म्हणून झाड छताला टेकले की लगेच कलम करावे, पत्राची वाट पाहू नये. झाड सोबत नेऊ म्हणणाऱ्यांसाठी: भारताच्या 2003 च्या वनस्पती आयात नियमांनुसार जिवंत रोपाला आयात परवाना आणि इथल्या सरकारी खात्याचे रोगमुक्तीचे प्रमाणपत्र लागते, आणि माती आणायला बंदी आहे. बॅगेत गुंडाळून नेण्याचा विचार सोडावा.

पण कलमाने झाड तुटत नाही. गुटीचा शेंडा, फुटव्यांवर जगणारा बुंधा आणि पुढच्या वर्षीचे आणखी एक कलम हे सगळे तेच झाड असते, बीजाने बदललेले नसते. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला आणलेल्या झाडाचे शेंडे मी शेजारच्या मल्याळी बिऱ्हाडाला, ऑफिसच्या स्वागतकक्षाला आणि जुफेरमधल्या एका मित्राला दिले. देताना कुंडीला चिठ्ठी चिकटवावी: झाडाचे नाव, पाणी किती दिवसांनी, खिडकीपासून किती दूर होते. नव्या घरी पहिल्या महिन्यात थोडी पाने गळतात, हेही त्यावर लिहावे, म्हणजे घेणारा घाबरून रोज पाणी ओतत नाही. बहुतेक झाडे तहानेने नव्हे, तर अशा काळजीच्या पाण्याने मरतात.